घटस्फोटाचे दप्तर : किती उघडे, किती झाकलेले?



सोहारमध्ये आपली कुटुंबे मोजकी आहेत. एका घरातील कुजबुज दुसऱ्या घरी पोहोचावयास वेळ लागत नाही. म्हणूनच हा अप्रिय विषय आम्ही व्यासपीठावर मांडीत आहोत.

१८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंना नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. वाद वर्तमानपत्रांत गाजला. 'केसरी'ने बाईंविरुद्ध लेखणी चालविली. १८८७ साली निकाल विरुद्ध गेला, तेव्हा सासरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करू, असे त्या म्हणाल्या. या उघड चर्चेने संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याला बळ दिले. परंतु १८८५ साली त्याच रखमाबाईंनी 'टाइम्स'मध्ये पत्रे लिहिली, ती 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने! प्रश्न जगापुढे यावा, नाव येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते व कामकाज छापण्यास मनाई आहे. मात्र उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निकाल परवानगीने छापता येतात. दंड किती? जास्तीत जास्त १,००० रुपये! आणि दार बंद असले तरी अपिलाच्या निकालावर नवरा-बायकोची नावे ठळक असतात. आज कोणीही सोयरा हातातील फोनवर ते नाव शोधतो, आणि मुलीचे दुसरे स्थळ मोडते.

मग सारेच निकाल दडवावेत काय? आम्हास तसे वाटत नाही. कलम ७ रूढ विधी व सप्तपदीची भाषा बोलते. आपले विवाह बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशीलाने लागतात. असा विवाह कायदेशीर कसा ठरतो, हे निकालांवाचून आपल्या वकिलांना कसे कळणार? पोटगी नाकारलेल्या भगिनीला दुसरीच्या निकालाचाच आधार असतो. निकाल हवा, नाव नको.

हे अशक्य नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांत पक्षकारांची नावे आदेशात न घालण्याचा दंडक घातला. घटस्फोटालाच तो का नसावा?

येथून मुखत्यारपत्र पाठवून गावी दावा चालविणाऱ्यांनी नावे झाकण्याचा अर्ज करावयास वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावे. आणि स्थळ पाहताना आपणही कोणाचे दप्तर उकरू नये.

जयभीम!