घरी बांधलेले विमान आणि तेलाचा ताप

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



विमान घरी बांधता येते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेत तर पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ सालीच मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची संघटना काढली. निम्म्याहून अधिक काम हौसेने स्वतः केलेले असेल, तर तेथील कायदा अशा विमानाला हौशी बांधणीचे म्हणून मान्यता देतो. माझा एक भाचा तेथे या नादी लागला. दीड महिना मी त्याच्या गॅरेजमध्ये पाने-पान्हे हाती देण्याचे काम केले. मी कलाशाखेचा पदवीधर. म्हणून मला पुरती समजलेली एकच वस्तू आज सांगतो. ती म्हणजे ऑईल कूलर.

या लहान विमानांच्या पुष्कळशा इंजिनांत मोटारीसारखे पाणी नसते. पंख्याशेजारच्या दोन तोंडांतून वारा आत शिरतो, सिलिंडरांवरून खाली उतरतो आणि पोटाकडून बाहेर पडतो. उरलेली बरीचशी उष्णता तेल वाहून नेते. ते तेल ज्यात निवते तो कूलर म्हणजे रेडिएटरचा धाकटा भाऊच. तेल गार व दाट असते तोवर एक झडप त्याला कूलर टाळून जाऊ देते. सुमारे ८५ अंश सेल्सिअसला ती वाट बंद होते. भाच्याच्या इंजिनाची कमाल मर्यादा ११८ अंश. फार गार तेलही बरे नव्हे. आत साठलेला ओलावा उडून जात नाही आणि गंज धरतो.

भाच्याने कूलर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या पोलादी भिंतीवर, बसविला होता. इंजिन रबरावर बसलेले, सदैव थरथरणारे. भिंत मात्र स्थिर. म्हणून दोहोंमधल्या तेलाच्या होस पाइपांना थोडी ढील ठेवून, आगीपासून रक्षण करणारे वेष्टण चढवून, ते कोठेही घासणार नाहीत हे पुनःपुन्हा पाहिले. होस फाटला तर साडेसात लिटर तेल काही मिनिटांत जाते आणि इंजिन जाम होते.

तिसऱ्या उड्डाणात वर चढताना काटा ११२ वर गेला. आम्ही धावपट्टीशी उभे होतो. माझी बहीण काही बोलत नव्हती. भाच्याने नाक खाली घेतले, इंजिन मंद केले आणि तो परतला. उतरताच तो म्हणाला, “मामा, मोठा कूलर आणतो.” मी म्हटले, “अरे, आधी काटा खरे बोलतो का ते पाहा.” कचेरीतली सवय, दुसरे काय! तपमापकाचे टोक आम्ही उकळत्या पाण्यात धरले. (तीन हजार फूट उंचीवरच्या गावी पाणी ९७ अंशांनाच उकळते, हे ध्यानात ठेवावे लागते, भाच्याचे गाव सखल.) काटा बरोबर १०० दाखवीत होता.

मग भाच्याने वाऱ्याचा माग काढला. वारा आणणारा चार इंची नळा ठीक होता. पण कूलरच्या तोंडावरची पेटी इतकी उथळ की वारा मधोमधच आदळे आणि कोपरे कोरडे राहत. त्याहून मोठी चूक मागे होती. कूलरची पाठ भिंतीपासून जेमतेम बोटभर दूर. आलेला वारा जाणार कोठे? वरच्या आवरणाच्या कडेची रबरी पट्टीही एके ठिकाणी उलटी दुमडली होती, तेथून फुकट गळती. मोठा कूलर आणला असता तर पैसे गेले असते आणि ताप बहुधा तसाच राहिला असता. कूलर आडवा फिरवून पाठ मोकळी केली, पेटी खोल केली, पट्टी सरळ केली. यात तीन रविवार गेले.

चौथ्या उड्डाणाच्या दिवशीही हवा पूर्वीसारखीच २० अंशांची होती. चढताना काटा ८८ वर स्थिरावला. बहिणीने तेव्हा कोठे थर्मासमधला चहा ओतला.

बाहेरची हवा जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश तेलही तापते, असा या लोकांचा ठोकताळा आहे. मी कागदावर हिशेब मांडला: नागपूरचा मे महिना, ४५ अंश; म्हणजे तेल ११३. कागद पाहून भाचा म्हणाला, “मामा, नागपूरला न्यायचे तर पुन्हा पत्रा कापावा लागेल.”