वेल्डिंगचा सांधा : वरून आणि आतून

उसाने भरलेली ट्रॉली चढावर असताना ट्रॅक्टरला जोडणाऱ्या आकड्याचा सांधा निखळला, तर मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. असा सांधा वरून पुष्कळदा गुळगुळीत दिसतो. आत मात्र दोन्ही लोखंडे एकजीव झालेलीच नसतात. रॉडने केलेल्या वेल्डिंगमध्ये ही फसगत नेहमीच संभवते.

रॉडच्या पोटात पोलादी तार व तिच्यावर रासायनिक द्रव्यांचा लेप असतो. उघड्या तारेने केलेले सांधे ठिसूळ होत. स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लेपाची युक्ती काढली. लेप जळताना वायूचे आवरण तयार होते आणि तप्त धातूस प्राणवायू व नत्रवायूपासून संरक्षण मिळते. उरलेली मळी, कारागिरांच्या भाषेत स्लॅग, निवणाऱ्या सांध्यावर पांघरुणासारखी पसरते.

हेच पांघरूण नवशिक्याला फसविते. झगझगीत ज्योतीकडे पाहण्याऐवजी त्याने तिच्यामागील वितळलेल्या धातूच्या लहानशा डबक्यावर नजर ठेवावी. 3.15 मिलिमीटर जाडीच्या साध्या रॉडला सुमारे 90 ते 130 अँपिअर प्रवाह लागतो. नेमकी मर्यादा पुड्यावर छापलेली असते. प्रवाह कमी पडला की रॉड चिकटतो, धातू नुसताच वर साचतो. तो जास्त झाला की सांध्याच्या कडा खाल्ल्या जातात. रॉडचे टोक व काम यांतील अंतर तारेच्या जाडीइतकेच असावे. रॉड झिजत जातो, त्या मानाने हात खाली यावयास हवा, आणि खरी मेहनत येथेच आहे. अंतर योग्य असले की कढईत तळण पडल्यासारखा एकसारखा आवाज येतो.

गंज, रंग व तेल आधी काढावे. दुसरा थर देण्यापूर्वी पहिल्यावरील मळी ठोकून, ब्रशने घासून काढली नाही, तर ती आतच अडकते. पावसाळ्यात रॉड दमट होऊ देऊ नयेत.

उघड्या डोळ्यांनी ज्योत पाहिल्यास त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. म्हणून 10 किंवा 11 क्रमांकाची काच वापरावी. जस्ताचा मुलामा असलेल्या नळाचा धूर ताप आणतो.

सरावासाठी दोन पट्ट्या काटकोनात एकाच बाजूने जोडाव्यात, निवू द्याव्यात आणि घणाने मोडाव्यात. मोडलेल्या तुकड्याच्या मुळाशी पट्टीची मूळ कड अखंड दिसली, तर धातू तेथवर पोहोचलाच नव्हता. प्रवाह वाढवून पुन्हा नव्या पट्ट्या घ्याव्यात.