आवड मंत्र्याची, कान लोकांचे

पुढाऱ्याची गाण्यातली आवड हुकूम झाली की काय होतं बघा. १९५२ साली पुण्याचे बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, थोर गवई घराघरांत पोचले. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. ती रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक भांडत बसले नाहीत, नुसता काटा फिरवला. रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला! १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आज केसकर आठवतात ते बंदीपुरतेच. मला शास्त्रीय गाणं प्रिय आहे, म्हणूनच सांगतो, चांगलं गाणंसुद्धा सक्तीनं गोड लागत नाही. ऐकवा जरूर, बटण मात्र ऐकणाऱ्याच्या हातात राहू द्या.