पासिंगला नापास



वसंतातल्या व्याख्यानाला येताना श्रोता काही उदात्त ऐकण्याच्या तयारीने येतो. संतवाङ्मय असते, इतिहास असतो, आणि आमच्या वाट्याला मात्र मोटरसायकल आली आहे. विषय जाहीर होताच पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिले, हे व्यासपीठावरून आमच्या नजरेतून सुटले नाही. पण यवतच्या माणसाला हा विषय परका म्हणता येणार नाही. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला खेटून जातो. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते आणि घरोघरचे पिठले-भाकरी वारकऱ्यांच्या पंगतीला जाते, तो एक दिवस या रस्त्यावर पायांचे राज्य असते. बाकीचे सारे दिवस चाकांचे. आणि त्या चाकांत दुधाची किटली, खताची गोणी, शाळेची दोन पोरे आणि मागे बसलेली त्यांची आई, हे सगळे ओढणारी दोन चाकेच पुष्कळ.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो, म्हणजे आम्ही कोणत्या अधिकाराने बोलतो याविषयी गैरसमज राहणार नाही. आमची मोटरसायकल २००८ सालची. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. मग वाहन दाखवून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आपण याला ‘पुन्हा पासिंग’ म्हणतो. २०२३ साली आम्ही गाडी धुतली, पुसली, टाकीला मेण लावून चकचकीत केली आणि मोठ्या ऐटीने पासिंगला नेली. इंजिनाविषयी आम्हांला अभिमान होता. ऑइल वेळेवर, प्लग स्वच्छ, पहिल्या किकला गाडी सुरू. निरीक्षक तरुण होता. त्याने चासी नंबरचा पेन्सिलीने उठवलेला छाप ताडून पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबायला सांगितले, वाकून मागच्या टायरवरून बोट फिरवले आणि कागदावर तीन ओळी लिहिल्या. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा उजळत नाही. पुढच्या ब्रेकचा दांडा मुठीला टेकतो. मागचा टायर गोटा झालेला. आम्ही इंजिनाची गोष्ट काढली, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “काका, इंजिन झकास आहे. पण मला ते बघायचंच नाहीये.”

घरी येताना आम्ही थोडे रागावलेलो होतो, हे कबूल करतो. मग हळूहळू लक्षात आले की त्या तीन ओळींत गाडीपेक्षा आमचेच परीक्षण झाले आहे. जे बिघडले की गाडी जागची हलत नाही, ते आम्ही जिवापाड सांभाळले होते. जे बिघडूनही गाडी धावत राहते, त्याकडे आम्ही ढुंकून पाहिले नव्हते. ब्रेकचा दिवा किती महिने बंद होता, हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. चालवणाऱ्याला तो दिवा दिसतच नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

हा दोष एकट्या आमचा असता तर व्याख्यानाचे कारण नव्हते. ब्रिटनमध्ये वाहनांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. प्रथम दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांचीच तपासणी होई. पण इतकी वाहने नापास होऊ लागली की ही मर्यादा लवकरच खाली आणावी लागली आणि १९६७ साली ती तीन वर्षांवर आली. तेव्हापासून तेथे तीन वर्षांवरची मोटरसायकल दर वर्षी परीक्षेला बसते, आणि कोण कशात नापास झाले याचे आकडे सरकार प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तेथे पहिल्या खेपेस साधारण पाच-सहा मोटरसायकलींमागे एक नापास होते. नापास होण्याच्या कारणांत पहिला क्रमांक इंजिनाचा नव्हे, दिव्यांचा आहे. त्याखाली ब्रेक, आणि मग टायर, हँडल, शॉकअब्जॉर्बर ही मंडळी. तिकडच्या मोटारगाड्या याहून अधिक प्रमाणात नापास होतात. यावरून मोटरसायकलवाला जात्याच दक्ष, असे मात्र समजू नये. तिकडे मोटरसायकल बहुधा हौसेची. उन्हाळ्यात काढायची आणि थंडीत झाकून ठेवायची. आपल्याकडे तिच्यावर चाळीस लिटरच्या दोन किटल्या बारा महिने लटकतात. ती तपासणी उद्या आपल्याकडे आली, तर निकाल काय लागेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या दारातली गाडी पाहून करावा.

फ्रान्समध्ये ही सक्ती नको म्हणून मोटरसायकलवाल्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. तेथे ती अखेर एप्रिल २०२४ मध्ये आली. तेव्हा टाळाटाळ हा काही आपलाच राष्ट्रीय गुण नव्हे.

आपल्याकडची व्यवस्था काय आहे? नव्या नमुन्याची गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची कसून चाचणी होते. या कामाची देशातली एक मोठी संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. माल आणि उतारू वाहणाऱ्या गाड्यांना पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरची दुचाकी मात्र एकदा नोंदली की पंधरा वर्षे मोकळी. पंधरा वर्षांत पोरगा बालवाडीतून महाविद्यालयात जातो. आणि पुष्कळ गाड्या त्या मुदतीनंतरही पासिंगला जात नाहीत; शेताच्या वाटेवर त्यांचे उरलेले आयुष्य निघते.

कुणी म्हणेल, आमच्याकडे पी.यू.सी. आहे की! आहे, आणि असलीच पाहिजे. पण ते यंत्र सायलेन्सरच्या तोंडाशी बसते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वगैरे मोजते. ब्रेक आहे की नाही, हे त्याला कळत नाही. श्वास तपासला म्हणजे हातपाय तपासले असे होत नाही.

आता ब्रेकविषयी थोडे सविस्तर बोलू, कारण येथे नुसते दुर्लक्ष नाही, एक पक्की समजूत आहे. ‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते’, हे वाक्य गाडी शिकवणारा प्रत्येक मामा भाच्याला सांगतो. आम्हांलाही सांगितले होते. परिणाम असा, की पुढचा ब्रेक कुणी वापरत नाही. वापरत नाही म्हणून त्याची केबल सैल झाल्याचे कळत नाही. काहीजण तर तो मुद्दाम सैल करून घेतात. वस्तुस्थिती उलट आहे. गाडी थांबू लागली की सगळे वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करू शकतो. एक हिशेब करून पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर ती सुमारे वीस-बावीस मीटरांत उभी राहू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास चाळीस मीटर लागतात. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे सतरा मीटर वेगळेच. मधल्या त्या अठरा-वीस मीटरांत उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या राहतात. पुढचा ब्रेक वळणावर, वाळूवर, झटक्याने दाबला तर गाडी पाडतो, हे खरे. पण सरळ रस्त्यावर दाब वाढवत नेला तर तोच वाचवतो. १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून जोड-ब्रेक देण्याचा पर्याय सक्तीत आला, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. मामांची शिकवण कायद्याला अशी आडवाटेने दुरुस्त करावी लागली, असे आम्हांला वाटते.

ज्यांना परीक्षा घरच्या घरी हवी असेल त्यांनी भुलेश्वरचा घाट आठवावा. श्रावणी सोमवारी माणसे दोघे-तिघे बसून वर जातात; चढताना इंजिनाची कसोटी लागते आणि सगळे त्याचीच चर्चा करतात. उतरताना काही महाभाग पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग गिअरचा आधार जातो आणि सारा भार ब्रेकच्या पट्ट्यांवर पडतो. त्या तापतात, आणि तापल्या की पकड सोडतात. ड्रमच्या ब्रेकवर बहुधा एक छोटा बाण असतो. पट्टी झिजल्याचे तो दाखवतो. तो पाहायला मिस्त्री लागत नाही.

टायरची फसवणूक निराळी. कोरड्या रस्त्यावर गोटा टायरही बरा चालतो, म्हणून माणूस निश्चिंत असतो. खाचा असतात त्या पाणी बाजूला काढण्यासाठी. त्यांची गरज पहिल्या पावसाला लागते, किंवा गळीत हंगामात रस्त्यावर चिखल आणि उसाचे पाचट पडते तेव्हा. दुचाकीच्या टायरची खाच निदान ०.८ मिलिमीटर खोल असावी असा आपला नियम आहे. ब्रिटनमध्ये एक मिलिमीटर.

बाकीची कारणे भराभर सांगतो. हँडलचे बेअरिंग सैल, चेन लोंबती, फुटलेले इंडिकेटर, आणि ‘तोंड दिसायला बरे’ म्हणून आतल्या बाजूला वळवलेले आरसे. नंबर प्लेटवर ४१४१ चे ‘दादा’ करणारे कलावंत आपल्या परिचयाचे आहेतच. साडीगार्ड मात्र घाईने सोडवत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकावर आडोसा असलाच पाहिजे, असा नियम आपल्याकडे आहे. गाडी घरी आली की पोरगा तो पहिला काढून टाकतो, कारण गाडी ‘बाईची’ दिसते. मागे बसायचे असते आईला, पदर सावरून.

आता एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटरसायकल-अपघातांचा बारकाईने अभ्यास झाला. प्राध्यापक हॅरी हर्ट यांचा तो अहवाल १९८१ साली निघाला. त्यात गाडीतला बिघाड हे कारण शंभरांत तिनांपेक्षाही कमी अपघातांत सापडले, आणि तेही बहुतेक टायर अचानक बसल्याने. मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न योग्य आहे. पण त्याच अहवालाचा दुसरा निष्कर्ष असा, की अपघातांचे मुख्य कारण समोरच्या वाहनचालकाला मोटरसायकल दिसलीच नाही, हे होते. आपल्या रस्त्यावर रात्री मागून ट्रक येतो, पुढच्या दुचाकीचा लाल दिवा बंद असतो, आणि पंचनाम्यात ‘ट्रकने धडक दिली’ असे लिहिले जाते. ते खोटे नाही. पण बल्ब उडाला होता, ही ओळ तेथे बहुधा येत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्यांतली किती दिव्याअभावी गेली हे कोणत्याही तक्त्यात नाही, आणि म्हणूनच आम्ही दिव्याचा हेका धरला आहे.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, दिवसाही. पहिली दोन-तीन वर्षे काय गंमत झाली आठवते? समोरून येणारा प्रत्येक माणूस बोटे उघडमीट करून सांगे, ‘दिवा चालू आहे, दिवा चालू आहे!’ इतकी आपुलकी! दिवसा लागलेला दिवा आपल्याला खुपला. मागचा लाल दिवा बंद असलेल्या माणसाला रात्री गाठून कुणी असे सांगितल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही.

आमची गाडी दुसऱ्या खेपेस पास झाली. टायर नवा, केबल नवी, आणि दिव्याचे म्हणाल तर बल्ब शाबूत होता; पायाच्या ब्रेकजवळचे छोटे बटण धुळीने अडकले होते. मिस्त्रीने ते फुंकून, पुसून बसवले आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा थांबतो. बाहेर फाटकाजवळ लागलेल्या रांगेत आमची गाडी तिसरी आहे. निघताना आम्ही ब्रेक दाबून धरू. दिवा लागतो का, एवढे मागून कुणीतरी सांगावे.