आपली गोष्ट, आपल्या पद्धतीने

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात बिलासपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. माझा दिवस रुळांवर जातो. साहित्यिक म्हणवून घेण्याइतका माझा अधिकार नाही. पण सवडीने कथा लिहितो, म्हणून कार्यवाहांनी 'कथा कशी लिहावी' हा विषय दिला. चार अनुभवाचे बोल सांगतो.

मराठीत लिहायला बसले की प्रथम पु. ल. आठवतात. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आले, तेव्हापासून किती जणांनी तशी माणसे रंगवून पाहिली! पण आपण वाढलो रेल्वे कॉलनीत. मुंबईची चाळ आपल्याला पुस्तकातूनच ठाऊक. १९४९ च्या 'माणदेशी माणसं'मध्ये व्यंकटेश माडगूळकरांनी स्वतःच्या मुलखातली माणसे लिहिली. त्यांच्याकडून भाषा उसनी घेऊ नये, आपल्या मुलखाकडे निरखून बघण्याची सवय घ्यावी.

म्हणून पहिली गोष्ट, आपली 'बीट' ठरवा. आमचा कीमॅन रोज ठरलेल्या बीटमधून पायी चालतो. रस्ता रोज तोच, म्हणूनच काल घट्ट असलेली चावी आज सैल झाली तर त्याच्या लगेच लक्षात येते. लेखकाचेही तसेच आहे. शाळा, दुकान, दवाखाना, स्वयंपाकघर, जे तुम्ही रोज बघता तीच तुमची बीट.

दुसरी गोष्ट, अहवाल आणि कथा यांतला फरक ओळखा. कडाक्याच्या थंडीत रूळ आकसतो आणि कधी तडकतो. रात्री गस्तीवरच्या माणसाला तडा दिसला की तो लाल दिवा दाखवत गाडीच्या दिशेने धावतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन पटाखे रुळावर लावतो. चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. अहवालात किलोमीटर, वेळ आणि केलेली कारवाई एवढेच येते. पण त्या १२०० मीटरमध्ये तो माणूस काय विचार करत होता? गाडी आधीच आली तर काय, ही धास्ती होती का? घरी कोणी आजारी होते का? कथा तिथे असते. तांत्रिक माहिती दोन ओळींत आटपावी आणि माणसापाशी थांबावे. मी तरी असेच करतो.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरात 'लवकर पाणी भर, नळ चालला जाईल' असे सर्रास म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत! निवेदन स्वच्छ मराठीत असावे, पण पात्रांच्या तोंडची बोली सुधारू नये. ती सुधारली की माणूस बिलासपूरचा राहत नाही.

लिहून झाल्यावर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा जिथे चुळबुळ करतो, तिथे कात्री लावा. आणि खऱ्या माणसांची नावे, खाणाखुणा बदला. कोणाचे मन दुखवून कथा मोठी होत नाही.

मित्रहो, बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली. पुढे या मार्गाने कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या बदल्या-बढत्या दप्तरात सापडतील. पण परक्या गावात पहिला गणपती बसवताना त्यांना काय वाटले, हे दप्तरात नाही. ते आपल्या आजी-आजोबांपाशी आहे. आपली मुले मराठी बोलतात, पण लिहिणारी थोडी. आज कोणी विचारून लिहिले नाही, तर हे सारे त्यांच्याबरोबर जाईल. पुण्या-मुंबईचा लेखक येऊन ते लिहिणार नाही.

तरुण मंडळींना एवढीच विनंती, पुढच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून एक पान लिहावे. चांगले-वाईट नंतर बघू.

गणपती बाप्पा मोरया!