घर मांडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



'घराची मांडणी आणि सणावारांची कलाकुसर' या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मला मोठा संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "पुस्तकातले काही नको, तुम्ही घरात जे करता तेवढेच सांगा." तेवढे सांगता येईल असे वाटले, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे.

सजावट म्हटले की डोळ्यांपुढे दुकानातले पडदे, फुलदाण्या आणि भिंतीवरची चित्रे येतात. हौस वाईट नाही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर करावी. पण आपल्यापैकी बहुतेकींची घरे दोन-तीन खोल्यांची. तेवढ्याच जागेत म्हातारी माणसे, शिकणारी मुले, पाहुणारावळा आणि सणवार, सारे बसवायचे असते. अशा घरात सजावटीच्या आधी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. घरातल्या प्रत्येक माणसाला आपली म्हणून जागा आहे ना? ती असेल तर घर निम्मे सजले. आणि सणाच्या कामात प्रत्येकाचा हात लागला तर उरलेले निम्मेही सजते.

आमचे घर सांगलीच्या गावभागातले, जुने. पुढे सोपा, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा. माणसे सहा. सासूबाई, थोरल्या वन्सं, आम्ही दोघे, मुलगी आणि मुलगा. सासूबाईंची खाट हीच आमच्या मांडणीतली पहिली वस्तू. ही खाट वर्षातून तीनदा हलते. उन्हाळ्यात ती पश्चिमेच्या भिंतीपासून दूर न्यावी लागते, कारण दुपारभर तापलेली भिंत रात्री आपली धग आत सोडते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून खाट आणि भिंत यांत वीतभर अंतर ठेवतो. थंडीत ती पूर्वेच्या खिडकीशी येते. सकाळचे कोवळे ऊन पायांवर पडले की त्यांचे गुडघे जरा मोकळे होतात. यात पैसा एकही लागत नाही. दोघांनी मिळून खाट उचलायची, एवढेच.

पाण्याच्या माठाचेही तसेच. माठ कोपऱ्यात दाटीत ठेवला तर पाणी थंड होत नाही. मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर हवा. आम्ही तो मागच्या दाराशी ओल्या वाळूवर ठेवतो आणि भोवती ओले फडके गुंडाळतो.

मुलीच्या अभ्यासाची जागा हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता. माझी शाळा सातवीनंतर सुटली. तिला पुष्कळ कारणे होती. पण माहेरी अकरा माणसांत वही उघडून बसायला जागाच नव्हती, हेही एक होते. म्हणून मुलगी आठवीत गेली तेव्हा मी घरात सांगितले की, दुसरे काही नसले तरी चालेल, हिला टेबल हवे. टेबलाला जागा नव्हती. तेव्हा मधल्या खोलीच्या भिंतीला सुताराकडून दोन बिजागऱ्यांवर अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसवून घेतली. दोन्ही बाजूंना साखळ्या. अभ्यास झाला की फळी भिंतीला मिटते आणि रात्री तिथेच अंथरूण पडते. जमिनीपासून उंची २८ इंच ठेवली. उजेड डावीकडून येईल अशी भिंत निवडली, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. संध्याकाळी सात ते नऊ त्या फळीपाशी कुणी टी.व्ही. लावायचा नाही आणि मुलीला कामाला हाक मारायची नाही, असा नियम केला. फळीला पैसे थोडे लागले. नियम पाळायला मात्र सगळ्यांना सहा महिने लागले!

२०१९ सालचा महापूर आपण कुणीच विसरलो नाही. ऐन श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास कृष्णेचे पाणी गावात शिरले. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. आमच्या सोप्यात कमरेइतके पाणी होते. आम्ही मिरजेला नातलगांकडे गेलो. परत आलो तेव्हा घरात चिखल आणि खालच्या कप्प्यातले सगळे कपडे कुजलेले. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. कागदपत्रे, मुलांची पुस्तके आणि अंथरुणे यांची जागा माळ्यावर. खाली फक्त धुऊन निघेल असे सामान. कागदपत्रांची एकच पिशवी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. २०२१ साली पुन्हा पूर आला, तेव्हा तासाभरात आवरून निघता आले. नदीकाठच्या भगिनींनी मृग निघण्यापूर्वी एकदा घर या दृष्टीने जरूर पाहावे.

आता कलाकुसरीकडे वळते.

उन्हाळ्यात कुरडया-पापडांबरोबर आमच्याकडे वाकळ शिवायचे काम निघते. पावसाळ्याआधी ती पुरी व्हावी लागते. वर आणि खाली धड सुती लुगडे, मध्ये जुन्या धोतरांचे आणि साड्यांचे थर. नवे कापड घालू नये. जुने धुऊन धुऊन मऊ झालेले असते, त्याचीच ऊब चांगली. सोप्यात अंथरून चारी कोपरे दगडांनी दाबायचे, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग कडेने धावदोरा घालत चौकोनात आत आत जायचे. सासूबाईंना आता सुई ओवता येत नाही, पण टाका मात्र अजून सरळ पडतो. सुई ओवायचे काम मुलाचे. सुरुवातीला तो कुरकुरला. पुढे आजीशेजारी बसून चार टाके घालू लागला, आणि आता स्वतःच्या सदऱ्याची बटणे स्वतः लावतो. मुलगा आहे म्हणून सुई धरू नये असे काही नाही. शिंपीही पुरुषच असतात.

आषाढात बेंदूर येतो. बाजारात मातीची बैलजोडी मिळते. पण मुलांकडून घरी एक तरी बैल करवून घ्यावा. शिंगे वाकडी झाली, पाय जाड झाले तरी चालेल. पूजेत तोच पुढे ठेवावा.

गौरी-गणपतीच्या आराशीसाठी पूर्वी आपण थर्मोकोलची मखरे आणत होतो. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने त्यावर बंदी आणली, आणि मला तरी ते बरे वाटले. पुराच्या त्या वर्षी पाणी ओसरून तीन आठवडे होतात न होतात तोच गणपती आले. घरात आराशीचे काही उरले नव्हते. मधल्या खोलीत दोरी बांधून माळ्यावर वाचलेल्या दोन साड्या निऱ्या घालून सोडल्या, खोक्यांच्या पुठ्ठ्याची कमान केली आणि परसातला तेरडा लावला. गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्या. त्या आराशीत काही उणे आहे असे कुणालाच वाटले नाही.

दिवाळीचा आकाशकंदील आमच्याकडे घरीच होतो. ज्यांना करायचा असेल त्यांनी ध्यानात ठेवावे. बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ काड्या घ्याव्या. आम्ही ९ इंचांच्या घेतो. चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्याने घट्ट बांधावे. एक चौकोन तळाला, एक माथ्याला आणि चार मध्ये उभे, असे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत गेले की सांगाडा आपोआप उभा राहतो, आणि चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण तयार होतात. तळ आणि माथा मोकळा ठेवून बाकीच्यांना पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर झुरळे कागद कुरतडत नाहीत; मात्र ते विषारी असते, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये. आत कमी ताकदीचा एल.ई.डी. दिवा लावावा, म्हणजे कागद करपत नाही. काड्या मोजून कापायचे काम मुलीचे, गाठी मारायचे मुलाच्या वडिलांचे आणि खालच्या झिरमिळ्या कातरायचे सासूबाईंचे. माझे काम फक्त खळ शिजवायचे! सणाचे सगळे काम एकटीने अंगावर घेऊन रात्री बारापर्यंत राबायचे आणि सणाच्या दिवशी डोके धरून बसायचे, हे बहुतेक घरांतून चालते. त्याने घर सजते, पण बाई थकते. कामे वाटून दिली तर थोडी वेडीवाकडी होतात. ती तशी होऊ द्यावीत.

आता शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. संक्रांतीचा हलवा आमच्या घरी थोरल्या वन्सं करतात. पहाटेच्या थंडीत मंद आचेवर परात ठेवून, तिळावर आणि खसखशीवर पाकाचे चमचे सोडत त्या बोटांनी हलवीत बसतात. दोन-तीन दिवस असे केले की काटा फुलतो. तो दोऱ्यात ओवून त्या बिंदी, बाजूबंद, हार असे सारे दागिने करतात. या आळीतल्या कितीतरी नव्या सुनांनी आणि बोरन्हाणाच्या बाळांनी त्यांच्या हातचे दागिने घातले आहेत. पण भगिनींनो, वन्सं विधवा आहेत. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी सोप्यात बायका जमायच्या, त्यांच्या दागिन्यांचे कौतुक व्हायचे, आणि वन्सं मागे स्वयंपाकघरात दार ओढून बसायच्या. कुणी त्यांना जा म्हटले नव्हते. पण ये असेही कुणी म्हटले नव्हते.

आपल्या जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की, विधवा स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ही बातमी मुलीने आपल्या फळीपाशी बसून मोठ्याने वाचली. सासूबाई खाटेवर होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गावाला जमलं, ते आपल्याला का जमू नये?" पुढच्या संक्रांतीला त्यांनी स्वतः लेकीला हाताला धरून सोप्यात आणले आणि आपल्या शेजारी बसविले. मी पहिले हळदीकुंकू वन्संना लावले. त्या दिवशी दोघी बायका वाण न घेताच गेल्या. पुढल्या वर्षी त्यांतली एक आली. दुसरीही येईल, अशी माझी आशा आहे.

मी त्यांना नावे ठेवीत नाही. रूढी मनात खोल गेलेली असते, ती एका वर्षात निघत नाही. पण मला एवढे विचारावेसे वाटते की, ज्या हातांनी आपले सण सजतात त्या हातांच्या बाईला सणात बसायला जागा नसेल, तर आपण घर मांडले असे कसे म्हणावे? मुलीला फळी दिली, आईला खाट दिली, आणि बहिणीला मात्र दाराआड ठेवले, ही मांडणी अपुरी आहे.

म्हणून आज वर्धापनदिनी मंडळापुढे एक विनंती ठेवते. येत्या संक्रांतीच्या आपल्या हळदीकुंकवाला आळीतल्या सर्व स्त्रियांना बोलवावे. नुसते सूचनाफलकावर 'सर्वांना निमंत्रण' असे लिहून भागणार नाही. प्रत्येकीच्या घरी दोघींनी जाऊन तोंडी सांगावे. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नको; तिळगूळ आणि वाण मात्र सर्वांना सारखे. वाणासाठी बाजारातली प्लॅस्टिकची वस्तू न आणता जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवाव्या. एका साडीत सात-आठ पिशव्या सहज निघतात. शिवायला आमचा सोपा मोकळा आहे. दुपारी दोन ते चार या, येताना आपली कात्री आणा. हलव्याचे दागिने कसे ओवायचे हे ज्यांना शिकायचे असेल त्यांना वन्सं शिकवतील. मी त्यांना विचारूनच हे सांगत आहे. त्या आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.