चावी द्यायची घाई कोणाला?
(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून, भाषणाचा सराव नाही. पण गोडादऱ्यात दोन पिढ्या गेल्या आणि समोर बसलेले सगळे घरचेच आहेत. म्हणून घरचीच गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमचा मुलगा दहावीत होता. ट्यूशनला जायला रिक्षा वेळेवर मिळत नसे आणि आम्हाला बँक गाठायची असे. आम्हीच स्कूटरची चावी त्याच्या हातात दिली. ‘सावकाश जा’ म्हटलं की आपलं कर्तव्य संपलं, असं वाटायचं. तिसऱ्याच आठवड्यात गल्लीच्या वळणावर भाजी घेऊन येणाऱ्या शेजारच्या मावशींना त्याची धडक बसली. मनगट मोडलं. मावशी म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ, आपलंच पोर आहे.” दवाखान्यात त्यांनी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. आम्ही खर्च दिला, पण खरं बोललो नाही. मावशींना आजही त्या हाताने कणीक मळता येत नाही.

पुढे 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला. वडिलांना अटक झाली. आम्हीही बँकेत चहा पिताना त्या बापाला नावं ठेवली. घरी येताना मावशींचं दार दिसलं आणि मान खाली गेली. त्यांची गाडी मोठी, आमची स्कूटर लहान. चूक मात्र एकाच जातीची.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सोळा वर्षांच्या मुलाला फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीची परवानगी आहे. आपल्या दारातल्या अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर 100 सीसीच्या वर आहेत, म्हणजे त्यांना अठरा पूर्ण हवीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय नुकसानभरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. आयुष्यभराची बचत एका वळणावर जाईल.

अठरा झाल्यावरही घाई नको. लर्निंग लायसन्सनंतर 30 दिवसांनी परीक्षा देता येते, म्हणून आपण तिसाव्या दिवशीच रांगेत उभे राहतो. पण ते लायसन्स सहा महिने चालतं. ते सहा महिने शिकण्यासाठीच आहेत.

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो, जोखीम मोठी असते म्हणून ही पद्धत. आम्ही घरात तेच केलं. मुलगा अठराचा झाला, लर्निंग लायसन्स आलं, तेव्हा पहिले सहा महिने आम्ही मागे बसलो. आधी रविवारी सकाळी सोसायटीतल्या रिकाम्या रस्त्यावर फक्त ब्रेक आणि वळणं. मग आतले रस्ते, मग पर्वत पाटियाची गर्दी, कापडाच्या टेम्पोंमधून. मग संध्याकाळ, मग पाऊस. परीक्षा पास झाल्यावरही वर्ष पूर्ण होईपर्यंत गणपतीच्या गर्दीत, नवरात्रीच्या रात्री आणि उत्तरायणाच्या मांजात एकट्याला सोडलं नाही. सुरतेचं एक पूर्ण वर्ष अंगावरून गेल्याशिवाय सुरतेत गाडी येते असं म्हणू नये. आता मुलीचीही पाळी येईल. तिलाही असंच शिकवू. आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालायचं, कारण पोरं ऐकण्यापेक्षा बघून शिकतात.

शेवटी थोडं राजकारण. आपल्या मुलाची गाडी पोलिसांनी पकडली की आपण कॉर्पोरेटरसाहेबांना फोन लावतो. साहेब गाडी सोडवून देतात, आपण उपकार मानतो आणि मत देतो. बंधूंनो, हा फोन बंद करा. मत मागायला येतील त्यांच्याकडे आपल्या भागात गाडी शिकायला मोकळं मैदान मागा, शाळा-ट्यूशनच्या वेळेला सिटी बस मागा. बस असेल तर दहावीच्या पोराला चावी द्यायची वेळच येणार नाही.

मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे बोललो. चार वर्षं उशीर झाला, त्याबद्दल सर्वांसमोर त्यांची क्षमा मागतो.

जय महाराष्ट्र, जय गुजरात, जय हिंद.